भिंतीकडे तोंड

काजीबेकने स्पीकरचं खोकं परत आणलं ते मंगळवारी सकाळी. टॅक्सीचं मागचं दार उघडून त्याने ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं, आजारी मेंढरू उचलावं तसं, आणि गॅरेजच्या उंबऱ्याशीच ठेवून दिलं. आत आणलं नाही.

"बाइके, हे ठेवून घे. हे श्वास घेतं."

"सगळीच घेतात," एलामान म्हणाला. "भोक त्यासाठीच ठेवलेलं असतं."

"थट्टा नको करूस. तू मोठा भाऊ म्हणून तुझ्याकडे आलो. गाणं वाजतंय तोवर ठीक. गाणं थांबलं की हे एकदा श्वास घेतं. माणसासारखा. बायको आता गाडीत बसत नाही. सासूबाईंनी तर परवा कढई आणून गाडीजवळ कणकेचे बोरसोक तळले, कुणी मेलेलं माणूस मागे लागलं असेल तर वासाने शांत होईल म्हणून."

"मग झालं का शांत?"

"कसलं शांत! सीटला वास लागला. गिऱ्हाईक बसलं की विचारतं, टॅक्सी चालवतोस की हॉटेल? हसू नकोस. शुक्रवारी येतो. दुरुस्त कर, नाहीतर फोडून टाक."

तो गेला. त्याच्या गाडीची चाकं बर्फाच्या चिखलात करकरली, मग गॅरेजांच्या रांगेत पुन्हा शांत झालं. एलामान हसतच खोक्याजवळ वाकला, आणि हसू ओठांवर असतानाच त्याला उगीचच वाटलं की हे आत घेऊ नये. असं वाटण्याला काही कारण नव्हतं. कारण नसलेल्या गोष्टींची त्याला सवय नव्हती.

तो एकोणतीस वर्षांचा होता. पदार्थविज्ञान शिकला होता, दोन वर्षं शाळेत शिकवून कंटाळला होता, आणि मग बिश्केकच्या एका टोकाला, रुळांपलीकडच्या रांगेत, एकशे चौदा नंबरचं गॅरेज घेऊन गाड्यांसाठी सबवूफरची खोकी बांधू लागला होता. शहरात खोकी बांधणारे पुष्कळ. बाकीचे अंदाजाने भोक पाडत, एलामान मोजून पाडी. खोक्यात कोंडलेली हवा म्हणजे स्प्रिंग. आणि पोर्ट, म्हणजे त्या भोकातून खोक्याच्या आत शिरलेली फळ्यांची बोळकांडी, तिच्यातली हवा म्हणजे स्प्रिंगला टांगलेलं वजन. वजन जड तर झोका संथ, आवाज खोल. हे तो गिऱ्हाइकांना चहा पिता पिता सांगे. ती माना डोलवत आणि शेवटी विचारत, "काच हादरेल ना पण?" त्यांना न सांगितलेली गोष्ट अशी की, पोर्ट केवढा यापेक्षा तो कुठे, हेच जास्त महत्त्वाचं. बोळकांडीचं आतलं तोंड खोक्याच्या मागच्या भिंतीला फार जवळ गेलं की हवेला वळायला जागा उरत नाही. ती तोंडाशी घुटमळते, बोळकांडी आहे त्याहून लांब असल्यासारखी वागते, आणि खोकं ठरवलेल्यापेक्षा खालच्या सुरात बोलू लागतं. कडांना घासून फुसफुसतं ते वेगळंच. तोंडापुढे निदान तोंडाएवढी मोकळी जागा हवी. काजीबेकच्या खोक्यात ती नव्हती, आणि हे एलामानला माहीत होतं. फळ्या कापून झाल्यावर काजीबेकचा फोन आला होता की पोराची ढकलगाडीही मागे बसली पाहिजे, चार बोटं कमी कर. एलामानने मागची भिंत चार बोटं पुढे घेतली. पोर्ट नव्याने कापायला हवा होता. हात गारठले होते, फळीही संपली होती. 'चालेल,' तो स्वतःशी म्हणाला होता. तो शब्द तोंडातून निघताना आणखी कुठून तरी ऐकू आल्यासारखा झाला होता, पण त्याने तिकडे लक्ष दिलं नव्हतं.

आता त्याने शेगडीत कोळसा घातला, दार लोटून घेतलं, खोकं टेबलावर चढवून अॅम्प्लिफायरला जोडलं, आणि बत्तीस हर्ट्झपासून खाली उतरत एकेक सूर सोडला. बत्तिसासाठी बांधलेलं खोकं सत्ताविसाला तोंडभर बोललं. अपेक्षेप्रमाणेच. त्याने वहीत आकडा लिहिला आणि सूर तोडला. आणि पोर्टने श्वास घेतला. लांब, आत. मध्ये बारीकशी अडखळ, ओली जीभ टाळ्याला लागून सुटावी तशी. मग बाहेर. पोर्टच्या तोंडाशी सांडलेला लाकडाचा भुसा जरासा सरकला आणि थांबला. एलामानचा हात बटणावर तसाच राहिला. सूर तोडल्यावर झोका लगेच थांबत नाही, एकदोन हेलकावे घेतो, हे त्याला ठाऊक होतं. कडांची फुसफुस ओळखीची होती. अडखळही ओळखीची होती. फक्त ती खोक्यांमधली नव्हती. लहानपणी तो बापाशेजारी झोपे. बाप जोलदोश सिमेंटच्या कारखान्यात वीस वर्षं राबलेला, छातीत धूळ बसलेली. अंधारात झोप येईना की एलामान त्याचे श्वास मोजी. एकला आत, दोनला अडखळ, तीनला बाहेर, चारला काहीच नाही. त्या चारची त्याला भीती वाटे. प्रत्येक चारनंतर पुन्हा एक येईपर्यंत तो स्वतःचा श्वास धरून ठेवी.

त्या दिवशी त्याने सूर बावीस वेळा सोडला आणि बावीस वेळा तोडला. अडखळ कधी आली, कधी नाही. संध्याकाळी डोकं ठणकत होतं. कपाळाभोवती कुणी दोरी आवळत असल्यासारखं. रात्री झोप लागली नाही तर असं होतं, असं त्याने ठरवलं, आणि खरंच त्याला झोप लागत नव्हती. जानेवारी महिन्यात त्याला कधीच लागत नसे.

बाप जानेवारीतच गेला होता. अकरा वर्षांपूर्वी. शहराच्या कडेच्या वस्तीत बापाने हाताने बांधलेलं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत शेगडी, आणि छातीला ऊब हवी म्हणून बाप तिथेच झोपे. शेगडीच्या धुराड्यात, माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, एक लोखंडी झडप होती. निखारे पुरते विझले की ती आत ढकलायची, म्हणजे ऊब आभाळात जात नाही. विझायच्या आत ढकलली तर विष खोलीत उतरतं. त्याला रंग नाही, वास नाही, खोकलासुद्धा येत नाही. हे वस्तीतल्या पोराटोरांना ठाऊक असतं. तरीही दर हिवाळ्यात कुठल्या तरी घरी कुणीतरी घाई करतं, कारण कोळसा पुरवायचा असतो, आणि राख धरलेला निखारा वरून मेलेलाच दिसतो. एलामान तेव्हा अठराचा. प्रवेशपरीक्षेचा अभ्यास आटोपून तो मागच्या खोलीकडे निघाला होता, जिथे आई झोपली होती. जाता जाता त्याने शेगडीचं दार उघडून पाहिलं. काळं होतं. एका कोपऱ्यात निळी जीभ होती, करंगळीएवढी. ती होती की नव्हती, यावर पुढे अकरा वर्षांत त्याने पुष्कळ विचार केला, आणि दर वेळी ती होतीच. बाप श्वास घेत होता, एक, दोन, तीन. खोली आत्ताच गार पडायला लागली होती. 'चालेल,' म्हणून त्याने झडप ढकलली, आत गेला, आणि ऊब वाया जाऊ नये म्हणून मधलं दारही घट्ट लावून घेतलं.

सकाळी बापाचे गाल लाल होते. वीस वर्षांच्या सिमेंटनंतर त्याचा चेहरा इतका तजेलदार कुणी पाहिला नव्हता. आई उशाशी बसली होती, आणि डॉक्टरने झडपेकडे बघून "ही कुणी लावली?" असं विचारलं तेव्हा ती लगेच म्हणाली, "मी." एलामानने ते ऐकलं. तो दारातच उभा होता, त्याच्या हातात पाण्याची बादली होती. त्याला वाटलं, आता बोलू. मग वाटलं, बादली खाली ठेवून बोलू. बादली ठेवली तोवर डॉक्टर लिहायला बसला होता.

गल्लीत युर्ता, नमद्याचा गोल तंबू, उभारला. बापाला त्यात निजवलं. आत बायका रिंगणात बसल्या, दाराकडे पाठ, भिंतीकडे तोंड. त्या तसंच बसतात. शोकगीत माणसाच्या तोंडावर म्हणायचं नसतं, ते नमद्याच्या भिंतीवर म्हणायचं, म्हणजे भिंतीला लागून, वळून, घोगरं होऊन ते बाहेर येतं आणि ते कुणा एकीचं राहत नाही. पुरुषांचं वेगळं. ते बाहेर. मुलाने कमरेला पट्टा बांधून, काठीवर वाकून, युर्त्यापाशी उभं राहायचं, आणि येणारा प्रत्येक जण दुरूनच हंबरडा फोडत आला की त्याला हंबरड्याने उत्तर द्यायचं: कायरान आताम, ओय! गेला रे माझा थोर बाप! एलामान काठीवर वाकून उभा राहिला. लोक आक्रोश करत आले. त्याने तोंड उघडलं. आतून वारा आला, आवाज आला नाही. मोठे चुलते साद्यर त्याच्या बरगडीत कोपर मारून पुटपुटले, "ओरड की रे! बाप मेलाय तुझा, कोंबडी नव्हे. लोक बघतायत." त्याने पुन्हा तोंड उघडलं. बायका आत म्हणत होत्या, आईचा आवाज सगळ्यांच्या खाली होता, आणि त्याला ठाऊक होतं की ती भिंतीला काय सांगते आहे.

तेव्हापासून ती शेगडीपुढे बसते. रोज संध्याकाळी कोळसा घालणं थांबवलं की तिपाई ओढते, मांडीवर हात ठेवते, आणि शेवटचा निखारा विझेपर्यंत उठत नाही. सळईने राख उकरते, बघते, पुन्हा बसते. अकरा हिवाळे. पाठीला बाक आला, डोळ्यांखाली काळं झालं. "झोप गं आता," एलामान म्हणे, त्या घरी राहत होता तोवर. "मी बसतो." ती म्हणे, "माझं मला बघू दे." एक वाक्य बोललं असतं तर ती उठली असती. हे त्याला रोज वाटे. मग त्याने शहरात खोली घेतली.

बुधवारी त्याने तारा काढून टाकल्या. खोकं टेबलावर, अॅम्प्लिफायर बंद, भिंतीतली पिनसुद्धा उपसलेली. शेगडी छान पेटली होती, बाहेर शहराचा धूर जमिनीवर बसला होता. तो दुसऱ्या खोक्याच्या फळ्या घासत होता, आणि पाठीमागे एकला आत, दोनला अडखळ, तीनला बाहेर. त्याने वळून पाहिलं नाही. घासणं थांबवलं, तर श्वासही थांबला. घासायला लागला, तर तोही. फळीचा आवाज भिंतीवरून परत येत असेल, त्याने विचार केला. चांगला विचार होता. पण त्याने घासपट्टी दहा मिनिटं हवेतच धरून ठेवली, आणि सहाव्या मिनिटाला ते पुन्हा सुरू झालं. त्याला भीती वाटली नाही, हे त्याला विचित्र वाटलं. उलट खाली बसून मोजत राहावं, कोळशाकडे तोंड करून झोपून जावं असं वाटलं. तोंडात तांब्याच्या नाण्याची चव होती. संध्याकाळी तो उठला तेव्हा दोनदा फळीला धडकला.

गुरुवारी सकाळी त्याने शेगडी पेटवली, आपला जुना रुईचा कोट घेतला आणि पोर्टच्या तोंडात कोंबला. बाहीसकट, कॉलरसकट, हाताने दाबून. आता श्वास घेऊन दाखव. मग, स्वतःलाच पटावं म्हणून, त्याने आपली जुनी युक्ती काढली. नखाएवढा आरशाचा तुकडा सबवूफरच्या पडद्याच्या कडेला चिकटवला, त्यावर लाल लेझर रोखला. पडदा केसाएवढा हलला तरी समोरच्या भिंतीवर ठिपका बोटभर सरकतो. दिवा मालवला. दारांच्या फटींतून थोडा राखाडी उजेड येत होता, त्यात समोरच्या विटांवर लाल ठिपका स्थिर उभा होता. बघ, काही नाही. आणि ठिपका वर सरकू लागला. सावकाश, दोन बोटं वर. क्षणभर थबकला. मग खाली. मग थांबला. मग पुन्हा वर.

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून मोजलं. वीस श्वासांना ऐंशी सेकंद. चार सेकंदांना एक. खोक्याला एकही तार जोडलेली नव्हती. ठिपका विटेच्या एका सांध्यावरून निघून पुढच्या सांध्यापाशी जात होता, झोपलेल्या माणसाच्या पोटावर ठेवलेल्या बटणासारखा. एलामान तिपाईवर बसला. त्याला हे कळलं की आपण तिपाईवर अगदी आईसारखे बसलो आहोत, मांडीवर हात ठेवून. 'आता,' तो म्हणाला. त्यांच्या भाषेत बाप, अशा अर्थाने. ठिपका चारला थांबला, आणि तो पुन्हा निघेपर्यंत एलामानने श्वास धरून ठेवला.

त्याला कशाने वाचवलं असेल तर एका वाईट सवयीने. कुठलाही आकडा दिसला की तो कुठून आला, हे विचारायची सवय. पोर्ट बंद केल्यावर खोकं म्हणजे एक बंद डबा. बाहेरचा दाब वाढला की पडदा आत, उतरला की बाहेर. म्हणजे श्वास खोकं घेत नाहीये. खोली घेतेय. विचार चिखलातून पाय उपसावा तसा एकेक वर येत होता. खोली म्हणजे काय? सहा मीटर लांब, साडेतीन रुंद, अडीच उंच. आत कोंडलेली हवा, स्प्रिंग. आणि पोर्ट? दारं लोटलेली, फटींना त्यानेच चिंध्या लावलेल्या. पोर्ट एकच. शेगडीचं धुराडं, बारा सेंटिमीटर रुंद, अडीच मीटर लांब. बाहेरचा वारा त्याच्या तोंडावर फुंकतो, आणि मी खोक्याच्या आत बसलो आहे. त्याने अंधारात फळीवर पेन्सिलने आकडेमोड केली. अक्षरं वाकडी येत होती. दोन सेकंदांना एक, उत्तर आलं. ठिपका म्हणत होता, चार. त्याने पुन्हा केली. दोन. झोका दुप्पट संथ, म्हणजे वजन चौपट. अडीच मीटरचं धुराडं दहा मीटरचं असल्यासारखं वागतंय. असं कधी होतं? त्याने कोट कोंबलेल्या पोर्टकडे पाहिलं. बत्तिसाला बांधलेलं खोकं सत्ताविसाला बोलतं, तेव्हा काय झालेलं असतं?

तोंड भिंतीच्या फार जवळ असतं.

झडप उघडी होती. असायलाच हवी, तिला तर त्याने नाण्याएवढं भोकच पाडून ठेवलं होतं, जिथे जिथे त्याची शेगडी असेल तिथे तो आधी झडपेला भोक पाडी. मग भिंत कुठली? कुठली का असेना. उठ. पाय उठले नाहीत. शेगडीच्या दारामागे निळी जीभ होती, करंगळीएवढी. मागे, अगदी कानाशी, लांब श्वास आत गेला. तो गुडघ्यांवर आला, मग हातांवर, आणि लाल ठिपक्याकडे पाठ करून, फळ्या पाडत दाराकडे सरकला. चिंध्या उपसल्या, दार ढकललं, आणि बर्फात पालथा पडून ओकला.

"काय रे प्राध्यापक, सकाळी सकाळीच झोकलीस?" शेजारच्या एकशे पंधरामधून गेनाकाका म्हणाला. हा म्हातारा रशियन मेकॅनिक, हातात थापी घेऊन मचाणावर उभा होता. "आणि तीही एकट्याने?"

"गेनाकाका, तुमची भिंत..."

"भिंत झकास आहे. साडेतीन मीटर. गाड्या उचलायची लिफ्ट बसवतोय, छप्पर वर घेतलं. सोमवारपासून विटा लावतोय, तू एकदा तरी विचारलंस, काका, मदत हवी का?"

एलामानने हात वर केला. गेनाकाकाने तिकडे पाहिलं. एकशे चौदाच्या छपरातून बाहेर पडून काटकोनात वळलेलं धुराडं, आणि त्याच्या तोंडापुढे दोन बोटांवर नवी, लाल, ओल्या सिमेंटची भिंत. विटांवर काळा गोल उमटला होता.

"आता तुझा धूर कुठे जातो ते मी कशाला बघू? मी काय तुझ्या धुराचा..." म्हातारा बोलता बोलता थांबला. मचाणावरून उतरताना त्याची थापी हातातून पडली. "तोंड बघू. अरे देवा. गाल बघ कसे लाल झालेत. बस. डोकं खाली घाल. तोंडाने श्वास घे, मोठा, अजून मोठा. गाढवा, डोकं दुखत नव्हतं तुझं?"

"दुखत होतं."

"मग?"

"मला वाटलं, झोप नाही म्हणून."

"शिकलेली माणसं अशी मरतात," गेनाकाका म्हणाला. "मी आत्ता चार ओळी पाडतो. दवाखान्यात चल."

"नको. बसतो इथेच."

तो दोन तास उलट्या ठेवलेल्या पेटीवर बसला. म्हाताऱ्याने त्याला गोड चहा पाजला आणि विटा पाडल्या. प्रत्येक वीट पडली की तो मागे वळून बघे, एलामान अजून आहे ना म्हणून. सगळं नीट उलगडत होतं. ठिपका म्हणजे कोंडलेलं गॅरेज. श्वास म्हणजे रक्तात भिनलेलं विष. त्याने माणसाला काहीबाही ऐकू येतं, हे त्याने स्वतः पुस्तकात वाचलेलं होतं. मंगळवारचा श्वास म्हणजे चार बोटं पुढे घेतलेली फळी. काजीबेकच्या गाडीतला पण तोच. फक्त अडखळीचा हिशेब लागत नव्हता. ती कुठल्याच समीकरणात बसत नव्हती. आणि मग, चहाचा शेवटचा घोट घेताना, त्याच्या मनात एक गोष्ट आली आणि त्याने पेला खाली ठेवला. बाप गेला त्या हिवाळ्यात शेजारच्या तोकतोबेकांनी दुसरा मजला चढवायला घेतला होता. विटा, मचाण, नवी भिंत. आपल्या धुराड्याच्या बाजूला. अकरा वर्षं त्याने झडपेचा विचार केला होता. तोंडाचा विचार एकदाही केला नव्हता. तोंड भिंतीच्या जवळ असेल, तर झडप उघडी असती तरी बाप गेलाच असता. मग ती मी लावली नाही. आईनेही लावली नाही. कुणीच लावली नाही. तो उठला तेव्हा गेनाकाका ओरडला, "अरे, कुठे?" त्याने ऐकलं नाही. मिनीबसमध्ये तो खिडकीशी बसला, काच उघडी ठेवून, आणि मागची बाई म्हणाली, "अहो, बंद करा, हिवाळा आहे," तरी त्याने ती बंद केली नाही.

आई पीठ मळत होती. दर गुरुवारी ती बापासाठी बोरसोक तळी; मेलेल्याला अन्न पोचत नाही, वास पोचतो.

"आज कसा उगवलास?" ती वर न बघता म्हणाली. "तळणीचा वास शहरापर्यंत गेला की काय?" मग तिने पाहिलं. "तोंड कसलं झालंय तुझं? बिटासारखं."

"आपा, शिडी कुठाय?" त्याने आईला विचारलं.

"आल्या आल्या शिडी? चहा घे आधी."

"धुराडं बघायचंय. वरून."

"त्याला काय धाड भरलीय? मी रोज बघते त्याच्याकडे." ती पीठ लागलेल्या हातांनी त्याच्याकडे बघत राहिली. "गोठ्यामागे आहे. जपून. पत्र्यावर बर्फ आहे."

तो चढला. पत्रा पायाखाली वाजला. धुराडं छपराच्या मधोमध होतं, बापाने रचलेलं, विटांचं, छातीच्या उंचीचं. एलामानने त्याला हात लावला आणि मग वर पाहिलं. तोकतोबेकांचं घर होतं, दोन मजल्यांचं. त्याची भिंत कुंपणापलीकडे, तीस पावलांवर होती. त्याने तरीही मोजलं. दोन्ही हात पसरले, धुराड्याच्या तोंडाभोवती चारही बाजूंनी फिरवले. हाताला काही लागलं नाही. तोंडापुढे मोकळं होतं, मोकळं, वर डोंगरांपर्यंत सगळं आभाळ. इतकी चांगली जागा त्याने आयुष्यात कुठल्या पोर्टला दिली नव्हती. बापाने हे तोंड अगदी बरोबर जागी ठेवलं होतं.

आणि तेव्हा तो हंबरडा आला. आधी त्याला वाटलं, पुन्हा ओकारी येतेय. तोंड उघडलं, आणि या वेळी नुसता वारा आला नाही. "कायरान आताम, ओय!" तो धुराड्यावर वाकला होता, काठीवर वाकावं तसा, आणि आवाज त्याच्या तोंडातून थेट त्या काळ्या भोकात गेला. बोळकांडीतून उतरला. खाली कुठेतरी खोलीत, शेगडीच्या दारातून, तो बाहेर पडला असेल. कुंपणापलीकडे तोकतोबेकांची सून धावत अंगणात आली आणि कोण गेलं म्हणून आजूबाजूला बघू लागली. एलामानने पुन्हा हंबरडा फोडला. तिसऱ्यांदा फोडताना त्याला धुराड्यातून काहीतरी वर येताना ऐकू आलं. आईचा आवाज. घोगरा, भिंतीला लागून वळलेला. ती शेगडीकडे तोंड करून बसली असणार. तिने काही विचारलं नव्हतं. ती म्हणत होती, कुरणावरून घोडा परतला रे, खोगीर रिकामं घेऊन परतला. आणि शब्द धुरातून एकेक करून वर येत होते. ती कडवं संपवून थांबली, तेव्हा त्याने तोंड विटांना टेकवलं. धूर डोळ्यांत गेला.

"आपा. झडप मी लावली होती."

खाली कढईत तेल चरचरत होतं, तेवढंच. त्याने मोजलं. एक, दोन, तीन, चार. पुन्हा चार. मग तिचा आवाज आला, गाण्यातला नव्हे, रोजचा, पीठ मळतानाचा.

"मी पाणी प्यायला उठले होते. लागलेली दिसली. म्हटलं, तुझ्या बापाने लावली असेल किंवा तू. निखारा दिसत होता मला, एलामान. निळा." सळई राखेत फिरल्याचा आवाज आला. "म्हटलं, चालेल. आणि जाऊन झोपले."

खाली लोखंड लोखंडावर घासलं. तळताना ऊब राहावी म्हणून तिने झडप थोडी आत ढकललेली असणार, ती आता तिने पार बाहेर ओढली. गरम हवेचा लोट एकदम त्याच्या तोंडावर आला, कोळशाचा आणि तळलेल्या बोरसोकचा. तो वास बापासाठी होता. एलामानने तो छातीभर आत ओढला, आणि आत ओढता ओढता, मध्येच कुठेतरी, जीभ टाळ्याला लागून सुटावी तसा तो अडखळला.